सातवा सूर कोमल का?
(पेटीला बसणाऱ्यांसाठी एक पाठ)

भजनी मंडळातली तरुण पोरं हल्ली पेटीबरोबर विजेवर चालणारा कीबोर्डही वाजवू लागली आहेत. त्यांच्या तोंडी ‘कॉर्ड’, ‘सेव्हन्थ’, ‘मायनर’ असे शब्द असतात. ज्येष्ठ टाळकऱ्यांना ते रुचत नाही. ‘हे काय बाजाचं खूळ भजनात!’ असे म्हणून ते पोराला गप्प बसवितात. पोरगा हिरमुसतो, दोन एकादशींना येतो, तिसऱ्या एकादशीला येत नाही. उलट काही मंडळांत पोरांना मोकळीक मिळते. मग चांगला चाललेला अभंग मध्येच डळमळतो, बुवांचा सूर सुटतो, आणि नेमके काय बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही.

दोन्हीकडे नुकसानच आहे, आणि ते अज्ञानामुळे होते. म्हणून या पाठात एकच गाठ सोडवू. ती गाठ अशी: पुस्तकात ‘सेव्हन्थ कॉर्ड’ दिलेली असते, म्हणजे सातव्या सुराची जुडी. सातवा सूर म्हणजे नी. पोरगा सा, ग, प आणि शुद्ध नी दाबतो. पुस्तक म्हणते, ‘नव्हे, नी कोमल दाबा.’ का बरे? सा, ग, प तर शुद्ध आहेत. मग एकट्या सातव्या सुरालाच कोमल का करावयाचे? या एका ‘का’चे उत्तर मिळाले की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

१. बारा पट्ट्या

पेटी पुढ्यात घ्या. पांढरी एक हा सा धरा. (गाताना आपली पट्टी वेगळी असेल, शिकण्यासाठी पांढरी एक सोपी.) आता पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवा: सा रे ग म प ध नी. हे सात शुद्ध स्वर. यालाच बिलावल थाट म्हणतात. मधल्या पाच काळ्या पट्ट्यांवर उरलेले पाच सूर येतात. काळी एक म्हणजे कोमल रे, काळी दोन कोमल ग, काळी तीन तीव्र म, काळी चार कोमल ध आणि काळी पाच कोमल नी. सात आणि पाच मिळून बारा. तेराव्या पट्टीवर पुन्हा वरचा सा.

एका पट्टीवरून अगदी लगतच्या पट्टीवर जाणे, मग ती काळी असो की पांढरी, याला आपण ‘एक पाऊल’ म्हणू. सा पासून मोजा. कोमल रे एक पाऊल, शुद्ध रे दोन, कोमल ग तीन, शुद्ध ग चार, म पाच, तीव्र म सहा, प सात, कोमल ध आठ, शुद्ध ध नऊ, कोमल नी दहा, शुद्ध नी अकरा, आणि वरचा सा बारा पावले. हा हिशेब तोंडपाठ करावा. पुढचा सगळा पाठ याच्यावर उभा आहे.

पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ देतात आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ देतात. येथे खुणा न वापरता ‘कोमल’, ‘तीव्र’ असे शब्दच लिहिले आहेत, म्हणजे नवशिक्याचा घोटाळा व्हायचा नाही.

कोमल म्हणजे काय? शुद्ध स्वरापेक्षा एक पाऊल खाली उतरलेला. बस, एवढेच. सा आणि प हे दोन अचल आहेत; ते कोमलही होत नाहीत, तीव्रही होत नाहीत. रे, ग, ध, नी हे चार खाली उतरतात. म एकटा वर चढतो.

२. ‘कोमल’ हा शब्द तिकडेही

युरोपातल्या लोकांनीही उतरलेल्या सुराला ‘मऊ’ असेच नाव दिले, ही गंमत पहा. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा एक ख्रिस्ती साधू चर्चमधल्या मुलांना गाणे शिकवीत असे. सुरांना अक्षरांची नावे होती. त्यांपैकी ‘बी’ हे अक्षर ज्या सुराला होते तो सूर, पांढरी एक सा धरली तर, आपला निषाद होय. तो दोन तऱ्हांनी गात. चढा गायचा असेल तेव्हा ‘बी’ चौकोनी लिहीत आणि उतरता गायचा असेल तेव्हा गोल लिहीत. या गोल ‘बी’ला लॅटिनमध्ये ‘मोल्ले’ म्हणजे मऊ, कोमल असे म्हणत. पुढे फ्रेंचांनी त्याचे ‘बेमोल’ केले, पोर्तुगीजांचाही शब्द ‘बेमोल’च. आजही पाश्चात्य स्वरलिपीत कोमलाची जी खूण आहे ती त्या गोल ‘बी’चेच रूप आहे.

आणि हा निषादच आधी का उतरविला? कारण मध्यम आणि शुद्ध निषाद यांच्यात बरोबर सहा पावलांचे अंतर पडते. पेटीवर पांढरी चार आणि पांढरी सात एकदम दाबून पहा. कानाला कसे लागते? अधांतरी, टोचल्यासारखे. चर्चमधल्या गायकांना हे अंतर जड वाटे, म्हणून ते टाळीत. निषाद एक पाऊल उतरविला की अंतर पाच पावलांचे होते आणि बोच जाते. मध्यम आणि निषाद ही जोडी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

३. कॉर्ड म्हणजे काय

आपल्या गाण्यात एका वेळी एक सूर पुढे चालतो, आणि वीणा किंवा तंबोरा खाली सा धरून ठेवतो. पाश्चात्य गाण्यात तीन-चार सूर एकाच वेळी वाजवितात. अशा सुरांच्या जुडीला कॉर्ड म्हणतात. ती बांधण्याची रीत सोपी आहे: एक सूर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा. सा घ्या, रे सोडा, ग घ्या, म सोडा, प घ्या. झाली तीन सुरांची जुडी. तिच्यावर पुन्हा ध सोडून नी घेतला की चार सुरांची जुडी होते. ज्या सुरापासून आरंभ केला त्याला मूळ सूर म्हणू. मूळ सुरापासून मोजता शेवटचा सूर सातवा येतो, म्हणून तिला सेव्हन्थ कॉर्ड म्हणतात.

आता बिलावलातल्या सातही सुरांवर अशा जुड्या बांधा. काळ्या पट्टीला हातही लावावयाचा नाही. प्रत्येक जुडीत मुळापासून शेवटच्या सुरापर्यंत किती पावले होतात ते मोजा:

सा ग प नी: अकरा पावले.
रे म ध सा: दहा पावले.
ग प नी रे: दहा पावले.
म ध सा ग: अकरा पावले.
प नी रे म: दहा पावले.
ध सा ग प: दहा पावले.
नी रे म ध: दहा पावले.

बघा, सात जुड्यांपैकी पाच जुड्यांत सातवा सूर दहाच पावलांवर आहे. अकरा पावले फक्त सा वर आणि म वर बांधलेल्या जुड्यांत येतात. म्हणजे दहा पावलांचा सातवा सूर हाच जास्त वेळा भेटतो. आणि सा पासून दहा पावलांवर कोण बसला आहे? कोमल नी.

४. गाठ येथे सुटते

आता पंचमावरची जुडी नीट पहा: प नी रे म. पांढऱ्या पाच, सात, वरची दोन आणि वरची चार. सगळे शुद्ध स्वर. कोमल कोणी नाही.

परंतु क्षणभर पंचमालाच सा माना. म्हणजे पांढरी पाच हा आपला नवा सा. त्यावरून बिलावल वाजवा. सा पांढरी पाच, रे पांढरी सहा, ग पांढरी सात, म वरची पांढरी एक, प पांढरी दोन, ध पांढरी तीन. आणि नी? तो येतो काळी तीनवर! नव्या सा पासून अकरावे पाऊल तेच आहे. पांढरी चार त्याच्या एक पाऊल खाली आहे. म्हणजे पांढरी चार हा नव्या सा चा कोमल नी झाला.

तीच पांढरी चार. तिला आधी आपण मध्यम म्हणत होतो, तोही शुद्ध. पंचमाच्या दाराशी उभे राहून पाहिले तर तीच कोमल निषाद आहे. सूर बदलला नाही, पाहणाऱ्याची जागा बदलली. घरातल्या एकाच माणसाला कोणी मामा म्हणतो, कोणी काका, कोणी दादा, माणूस तोच. तसेच हे.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करावी: कोमल किंवा शुद्ध हा पट्टीचा गुण नव्हे. काळी म्हणजे कोमल आणि पांढरी म्हणजे शुद्ध हा समज मनातून काढून टाकावा. कोणत्या सा च्या मानाने, हे विचारल्याशिवाय कोमल या शब्दाला अर्थच नाही.

पाश्चात्य पुस्तकात नुसते ‘सेव्हन्थ’ लिहिलेले असते तेव्हा ही पंचमावरची जुडी नमुना म्हणून धरलेली असते. त्यांच्या गाण्यात तिचे काम सर्वांत जास्त, म्हणून आखूड नाव तिला मिळाले. तिचे माप असे: मुळापासून चार पावले, मग तीन, मग तीन. हे माप सा वर लावा. सा पासून चार पावले ग, पुढे तीन पावले प, पुढे तीन पावले कोमल नी. आले ना उत्तर? सातव्याला कोणी मुद्दाम कोमल केले नाही. पंचमाच्या घरचे माप सा वर लावले, म्हणून तो तेथे पडला. सा ग प सह शुद्ध नी हवा असेल तर तिला ‘मेजर सेव्हन्थ’ असे पूर्ण नाव घेतात.

चार सुरांच्या मुख्य जुड्या पाच समजाव्यात. सा वर त्या अशा येतात:

नुसती सेव्हन्थ: सा, ग, प, कोमल नी. (चार, तीन, तीन)
मेजर सेव्हन्थ: सा, ग, प, शुद्ध नी. (चार, तीन, चार)
मायनर सेव्हन्थ: सा, कोमल ग, प, कोमल नी. (तीन, चार, तीन)
हाफ डिमिनिश्ड: सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. (तीन, तीन, चार)
डिमिनिश्ड सेव्हन्थ: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. (तीन, तीन, तीन)

शेवटच्या दोहोंत एक खोच आहे. तिकडचे लोक तेथे ‘पंचम उतरविला’ असे म्हणतात. आपला पंचम अचल, म्हणून आपण त्याच पट्टीला तीव्र मध्यम म्हणतो. तसेच शेवटच्या जुडीतला ध हा त्यांच्या लेखी ‘दोनदा उतरलेला सातवा’ असतो. पट्टी एकच, नावे निराळी. भांडण करण्याचे कारण नाही.

५. या जुडीची ओढ

आता प नी रे म एकदम दाबा आणि थांबा. कान काय मागतो? जिना चढता चढता शेवटच्या पायरीआधी कोणी अडवावे तसे वाटते. मग सा ग प दाबा. हायसे वाटते, घरी आल्यासारखे. याचे कारण ती मघाची जोडी, मध्यम आणि निषाद, सहा पावलांची. निषाद एक पाऊल वर चढून सा वर विसावतो, मध्यम एक पाऊल खाली उतरून ग वर विसावतो. दोघे दोन बाजूंनी एकाच घरात शिरतात. ही ओढ हेच नुसत्या सेव्हन्थचे सामर्थ्य.

युरोपातही हे लगेच मान्य झाले नाही. सातव्या सुराची टोचणी आधी तयारी करूनच आणावी, एकदम आणू नये, असा जुन्यांचा नियम होता. मोंतेवेर्दी नावाच्या इटालियन रचनाकाराने तो मोडला. तेव्हा आर्तुझी नावाच्या पंडिताने १६०० साली ग्रंथ लिहून त्याच्या रचनांतील दोष दाखविले. मोंतेवेर्दीने १६०५ मध्ये आपल्या नव्या संग्रहात उत्तर दिले. जुन्या-नव्यांचा वाद आपल्याच मंडळात आहे असे नव्हे! पुढे १७२२ मध्ये रामो या फ्रेंच रचनाकाराने जुड्यांचे शास्त्र पद्धतशीर मांडले आणि पंचमावरच्या या जुडीला मानाचे स्थान दिले.

आपल्या कानावर या जुड्या कोठून आल्या? पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तेथून तयार झालेले वादक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. सिनेमातून हे सूर गावोगाव पोहोचले. पोरगा पेटीवर सेव्हन्थ शोधतो, कारण ती त्याने लहानपणापासून ऐकली आहे. त्याला दोष देऊन काय होणार?

६. भजनात काय बिघडते

आता मुद्द्याची गोष्ट. पंचमावरची जुडी सा कडे ओढते. मग सा वर बांधलेली सेव्हन्थ, म्हणजे सा ग प कोमल नी, कोणाकडे ओढील? मोजून पहा. तिच्यात ग आणि कोमल नी यांच्यात सहा पावले आहेत. ग एक पाऊल चढतो तो म वर, कोमल नी एक पाऊल उतरतो तो ध वर. म्हणजे ही जुडी मध्यमाकडे ओढते. ती वाजली की ऐकणाऱ्याचा कान मध्यमाला नवा सा समजू लागतो.

पाश्चात्य गाण्यात घर असे बदलते ठेवणे हीच शोभा आहे. आपल्या भजनात सा एकच. वीणा तोच धरते, मृदंग त्याच सुरात लावलेला असतो, टाळकरी त्याच्याच आधाराने गातात. शंभर गळे एका सा वर उभे असताना पेटीवाल्याने ते घर उचलून मध्यमावर नेले, तर काय व्हावे? बुवा कसलेले असले तर सावरतील. मागचे नवखे टाळकरी मात्र सुटतात. कोणी वर जातो, कोणी खाली. मृदंग वाजतोय, टाळ वाजतोय, आणि अभंग मात्र विसकटला. ‘आज रंग भरला नाही’ असे म्हणून मंडळी घरी जातात. कारण असते एक काळी पाच!

दुसरी हानी रागाची. भूप घ्या. भूपात सा रे ग प ध हे पाचच सूर. म आणि नी वर्ज्य. पोरगा पुस्तकाप्रमाणे पंचमावरची सेव्हन्थ देतो: प नी रे म. चारांपैकी दोन सूर वर्ज्य! भूपाचे भूपपण तेथेच गेले. मालकंसात पंचम वर्ज्य; तेथे सा वरची कोणतीही नेहमीची जुडी पंचम आणते. यमनात मध्यम तीव्र. तेथे प नी रे बरोबर शुद्ध म दाबला की यमन मोडतो. भैरवीत रे ग ध नी चारही कोमल. तेथे शुद्ध ग, शुद्ध नी यांच्या जुड्या सरळसरळ विरोधी.

परंतु हेही पहा, की रागाच्या आत राहून जुडी बांधता येते. भूपातच ध सा ग प अशी जुडी आहे. मोजा: तीन, चार, तीन. ही मायनर सेव्हन्थ, चारही सूर भूपाचेच. मालकंसात म, कोमल ध, सा, कोमल ग ही तशीच जुडी बसते. भीमपलासात सा, कोमल ग, प, कोमल नी. भैरवीतही तीच चालते. या जुड्यांत सहा पावलांची बोच नाही, म्हणून त्या सा ला फारशा हलवीत नाहीत.

७. शंका-समाधान

शंका: खमाजातही कोमल नी येतो आणि ग शुद्ध असतो. मग तेथे सा हलत नाही काय?
समाधान: नाही हलत, कारण तेथे ते सूर एकामागून एक येतात आणि खाली सा अखंड चालू असतो. खमाजात आरोहात शुद्ध नी आणि अवरोहात कोमल नी घेतात. दोन्ही सा च्या आश्रयानेच वागतात. ओढ होते ती सूर एकदम दाबून त्यावर मुक्काम केल्याने. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यात तर सा वरची सेव्हन्थ हेच घर मानतात. कान सवयीने तिला स्थिर समजतो. म्हणजे ओढ ही सुरांइतकीच संस्कारावर अवलंबून आहे. आपल्या टाळकऱ्यांच्या कानावर तसा संस्कार नाही, हे पेटीवाल्याने ओळखावे.

शंका: पेटीवरचा कोमल नी आणि गळ्यातला कोमल नी एकच का?
समाधान: अगदी एकच नव्हे. पेटीची बारा पावले सारखी कापलेली आहेत. एका पावलाचे शंभर भाग कल्पा, म्हणजे सा ते सा बाराशे भाग. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार सुमारे ३८६ भागांवर असतो. पेटीचा शुद्ध ग ४०० वर. म्हणजे पेटीचा गांधार १४ भाग चढा. पंचम ७०२ आणि ७००, फरक नगण्य. त्याच तारेत कोमल निषादाच्या जवळचा एक सूर ९६९ भागांवर उमटतो. पेटीचा कोमल नी १००० वर, म्हणजे ३१ भाग चढा. पेटी हे मूळ फ्रेंच वाद्य, १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये निघालेले. हाताने भाता ओढावयाची पेटी पुढे कलकत्त्यास तयार झाली. मींड निघत नाही आणि सूर असे ठोकळ आहेत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीस बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. तात्पर्य काय, पेटीवर चार सूर एकदम दाबले की हे लहान लहान फरक एकत्र होऊन कानाला खरखर लागते. एकच सूर दाबला तर गळा तो झाकून घेतो.

शंका: मग जुड्या वाजवाव्यात की वाजवू नयेत?
समाधान: शिकाव्यात अवश्य. वाजवाव्यात विचाराने. त्याचे पाच नियम खाली दिले आहेत.

८. पेटीवाल्याने पाळावयाचे नियम

एक: अभंग सुरू होण्यापूर्वी चालीत कोणते सूर आहेत ते गुणगुणून मोजावे. जो सूर चालीत नाही तो जुडीत घेऊ नये. हा नियम पाळला तर निम्मे बिघाड टळतात.

दोन: बुवा आलाप घेत असताना, किंवा चरणातला शब्द सांगत असताना, जुडी दाबू नये. एकेरी सुराने मागे मागे चालावे. शब्द पुढे, पेटी मागे.

तीन: ध्रुपदावर सगळे टाळकरी एकदम उचलतात तेथे सा आणि प, किंवा रागात असेल तर सा ग प, एवढी जुडी पुरे. तिने सा पक्का होतो.

चार: नुसती सेव्हन्थ सा वर कधीही ठेवू नये. पंचमावर ठेवावयाची तर चाल बिलावलाच्या सुरांची असावी, म आणि नी दोन्ही शुद्ध असावेत, आणि लगेच सा वर परतावे. लांबवू नये.

पाच: विणेकऱ्याकडे कान ठेवावा. आपली जुडी वाजत असताना वीणा ऐकू येईनाशी झाली, तर जुडी जास्त झाली असे समजावे.

ज्येष्ठांसही एक विनंती. पोराने कॉर्ड वाजविली म्हणून त्याचा हात झटकू नका. त्याला विचारा, ‘बाळ, यातला कोणता सूर आपल्या चालीत नाही?’ त्याला सांगता आले तर तो शिकला. नाही आले तर दोघांनी मिळून मोजा. पेटीवर बोट ठेवून मोजण्यास वयाची अट नाही, आणि मोजल्यावर वाद उरत नाही.

अभ्यास: पुढील चार गोष्टी घरी पेटीवर करून पहाव्यात.

(१) मध्यमाला, म्हणजे पांढरी चारला, सा मानून बिलावल वाजवा. त्यात एक काळी पट्टी येईल. ती कोणती आणि नव्या सा च्या मानाने ती कोणता सूर? (उत्तर: काळी पाच, ती तेथे शुद्ध मध्यम होते.)

(२) यमनातल्या रे वर जुडी बांधा: रे, तीव्र म, ध, सा. पावले मोजून तिचा प्रकार सांगा. (उत्तर: चार, तीन, तीन, नुसती सेव्हन्थ. ती पंचमाकडे ओढते, म्हणून यमनाच्या अभंगात जपून.)

(३) भैरवीत कोमल ग वर जुडी बांधा: कोमल ग, प, कोमल नी, कोमल रे. ही कोणाकडे ओढते? (उत्तर: हीही नुसती सेव्हन्थ, कोमल धैवताकडे ओढते. भजनाच्या शेवटी भैरवीत ही चुकूनही धरून ठेवू नये.)

(४) आपल्या मंडळात नेहमी म्हटला जाणारा एक अभंग घ्या, त्याच्या चालीतले सूर कागदावर लिहा, आणि त्या सुरांतूनच कोणत्या जुड्या बांधता येतात ते शोधा. याचे उत्तर येथे छापता येत नाही, कारण प्रत्येक फडाची चाल वेगळी. ते तुमचे तुम्हीच काढावयाचे.

चौथा अभ्यास ज्याने केला त्याला पुस्तक पाहून कॉर्ड दाबण्याची गरज उरणार नाही. समोर कोणताही सूर आला तर तो आधी विचारील, ‘हा कोणाच्या मानाने कोमल?’ आणि उत्तरासाठी विण्याकडे कान देईल. पेटीवाल्याला एवढे साधले म्हणजे टाळकऱ्यांचा सा सुटावयाचा नाही.

राम कृष्ण हरी.